माथेरानला मे महिन्यातच कशाला?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-ठाण्याच्या घरांत माथेरानच्या गोष्टी सुरू होतात. माझे मत विचाराल, तर मे महिन्यात तेथे जाऊ नका.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे. गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून पुढे पायी किंवा घोड्यावर जाता येते. म्हणूनच तेथे शांतता असते. पण मे महिन्यात घाटात मोटारींची रांग लागते, रस्त्यावर लाल धूळ उडते आणि खोलीचे भाडे वाढते. शिवाय डोंगरमाथ्यावरचे पाणी मोजकेच. पाहुण्यांनीच ते उधळले, तर गावकऱ्यांच्या नळाला काय येणार?

नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी तुम्हाला आवडेल. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग बांधला आणि 1907 साली गाडी सुरू झाली. डबे इवलेसे, जागा थोड्या. सुट्टीत तिकीट कोठून मिळणार? पावसाळ्यात तर नेरळची गाडी बंदच असते.

त्यापेक्षा दिवाळीची गर्दी ओसरली की, आठवड्याच्या मधली एखादी सुट्टी पाहून निघा. पहाटे निघालात, तर संध्याकाळी घरी परत येता येते. घोडेवाले म्हणतील, “आमची कमाई मे महिन्यातच होते.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पाहुणे वर्षभर थोडे थोडे आले, तर त्यांची चूल बाराही महिने पेटेल. आणि हिवाळ्यात धुके विरले, की पॅनोरमा पॉइंटवरून खालचे नेरळ दिसते, तेही धक्काबुक्की न करता!