उंची, तोल आणि हौस

हल्ली आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर एक नवीच हौस दृष्टीस पडू लागली आहे. चार पैसे गाठीस लागलेले तरुण उंच बांध्याची एसयूव्ही गाडी विकत घेतात, आणि लवकरच तिच्या मूळच्या स्प्रिंगा कापून अथवा आखूड स्प्रिंगा बसवून तिला दीड-दोन इंच खाली आणतात. गॅरेजवाल्यांच्या भाषेत यास ‘गाडी लोअर करणे’ म्हणतात. आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी अशीच गाडी घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. नववी-दहावीची मुले गाडीभोवती गोळा झाली व कौतुकाने पाहू लागली. खरे सांगावयाचे तर आम्हीही त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवून ‘छान दिसते हो!’ असे म्हणालो. त्या उद्गाराचा आम्हांस पुढे पश्चात्ताप झाला, म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम त्या तरुणाच्या बाजूने जे खरे आहे ते सांगितले पाहिजे. ‘सर, गाडी खाली आली की वळणावर घट्ट बसते,’ असे तो म्हणाला. हे म्हणणे निराधार नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलास हे तत्त्व पुस्तकावाचून ठाऊक असते. रिकामे तारू डोलते म्हणून त्याच्या तळाशी नीरम भरतात. अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूस उलांडी बांधतात. पहिल्या उपायाने गुरुत्वमध्य खाली येतो, दुसऱ्याने पाया रुंद होतो. गाडीचा तोलही याच दोन गोष्टींवर अवलंबून असतो. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटण्याची भीती कमी. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने 2001 साली गाड्यांस उलटण्याविषयीचे गुण देण्यास प्रारंभ केला, तो याच गुणोत्तराच्या आधारे.

आता विद्यार्थ्यांनी पाटी घ्यावी. समजा, दोन चाकांमध्ये 150 सेंटिमीटर अंतर आहे व गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटर उंचीवर आहे. 75 भागिले 70 म्हणजे सुमारे 1.07. गाडी 4 सेंटिमीटर खाली आणली तर 75 भागिले 66, म्हणजे सुमारे 1.14. लाभ झाला खरा, पण तो शेकडा सहाच्या आसपास. उलटपक्षी, वळणावर गाडीस बाहेर लोटणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 40 किलोमीटरचा वेग 38 वर आणला तर तो जोर जवळजवळ शेकडा दहाने घटतो. म्हणजे हजारो रुपये वेचून, स्प्रिंगा कापून जे साधते, त्याहून अधिक पायाचा दाब किंचित कमी केल्याने साधते, आणि तेही फुकट! आंबोलीचा अथवा फोंड्याचा घाट उतरताना ज्याने एवढे ध्यानी ठेवले, त्यास कारागिराकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

कोणी म्हणेल, मोठमोठे कारखाने सुद्धा गाडीची बैठक बदलतात. बदलतात, पण कसे? 1997 च्या ऑक्टोबरात स्वीडनमधील एका मोटार-मासिकाने मर्सिडीझ कंपनीच्या ‘ए-क्लास’ या उंच व आखूड गाडीची परीक्षा घेतली. अकस्मात आडव्या आलेल्या जनावरास चुकविल्याप्रमाणे गाडी झटकन वळविताच ती उलटली. कंपनीने विक्री थांबविली, चाकांवरील सर्व योजना नव्याने जुळविली व घसरण आवरणारी विद्युत्‌-यंत्रणाही बसविली. अनेक अभियंत्यांनी तपासून, मोजून, पुन्हा परीक्षा घेऊन केलेले ते काम होते. करवतीने स्प्रिंगचे दीड वेढे उडविणे हे त्याचे अनुकरण नव्हे.

स्प्रिंग हा गाडीचा केवळ पाट नव्हे. खड्ड्यात चाक आपटले असता तो धक्का पोटात घेण्यासाठी तिला वर-खाली होण्यास जागा लागते. ती जागा निम्मी केली तर तेवढाच धक्का सोसण्यास स्प्रिंग चौपट ताठ हवी, असे पदार्थविज्ञान सांगते. कापलेली स्प्रिंग थोडी ताठ होते, पण चौपट होत नाही. मग गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि वळणावर असे झाले तर चाकाची पकड एकाएकी सुटण्याचा संभव असतो. चाकांचे कोन बिघडून टायर एका अंगाने झिजतात. पुष्कळ गाड्यांत तर पुढची बैठक खाली जाताच जोडदांड्यांची रचना अशी बदलते की गाडी झुकण्याची प्रवृत्ती कमी न होता वाढते. स्थैर्यासाठी केलेला उद्योग असा स्थैर्याच्याच मुळावर येतो.

शिवाय आपण राहतो कोठे, हाही प्रश्न आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात पाण्याखाली खडक दडलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या आरमारात या किनाऱ्यावर व खाड्यांतून फिरावयास उथळ बुडाची गलबते होती, ती उगीच नव्हेत. आमच्या वाड्यांतील रस्तेही तसेच आहेत. चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारी पाणंद, मध्येच वर आलेला जांभा, पावसाने खचलेली मोरी, आणि मापावाचून बांधलेले गतिरोधक. भारतीय रस्ते महासभेच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच व 3.7 मीटर रुंद असावा. आपल्याकडे तो पुष्कळदा भिंतीसारखा उभा असतो. एसयूव्हीची उंची अशाच रस्त्यांसाठी असते. 2023 च्या जुलैत जीएसटी परिषदेने उपकराच्या आकारणीसाठी 170 मिलिमीटर उंचीची जी मर्यादा स्पष्ट केली, ती गाडी रिकामी असतानाची. पण घरी गाडी रिकामी कोण वापरतो? पाच माणसे व आंब्याच्या पेट्या चढल्या की ती आधीच खाली बसते.

आता त्या माजी विद्यार्थ्याची पुढील हकीकत. ती त्याने आम्हांस स्वतः येऊन सांगितली. पावसाळ्यातील एका रात्री त्याच्या आजीस दम लागला. तिला मागच्या आसनावर निजवून, आई-वडिलांस घेऊन तो निघाला. वाडीच्या मोरीजवळ पाण्याखालचा दगड दिसला नाही. गाडीचे ऑईल चेंबर फुटले आणि गाडी तेथेच उभी राहिली. भर पावसात अर्धा तास गेला. मग शेजारची रिक्षा आली. देवाच्या कृपेने आजी वाचली. पण त्या अर्ध्या तासात तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलेला तो तरुण आम्हांस म्हणाला, ‘सर, गाडी माझी एकट्याची नव्हती, हे मला तेव्हा कळले.’ त्याचे आजोबा जन्मभर मासेमारी केलेले. ते नातवास रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘झिला, होडी घालूच्या आधी तळ बघूक व्हयो.’ आमच्या सर्व लेखाचे सार या एका वाक्यात आहे.

कायद्याचाही विचार करावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकास मना केला आहे. 2019 च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलास प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली तर तो भुर्दंड निराळाच.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या हट्टास पैसे देण्यापूर्वी त्या गाडीत कोण कोण बसणार, याची मनाशी उजळणी करावी. झिजलेले शॉकअप बदलावेत, टायरमधील हवा वेळच्या वेळी तपासावी, आणि टपावर ओझे रचू नये. कारण एकीकडे गाडी खाली आणणे व दुसरीकडे टपावर मणभर सामान चढविणे, हा प्रकार म्हणजे एका हाताने नीरम भरून दुसऱ्याने उपसण्यासारखाच होय.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हौसेवर आमचा राग नाही. सुंदर वस्तू आवडणे हा दोष नव्हे, आणि यंत्राचे कुतूहल हा तर गुणच होय. ज्यास गाडीची बैठक बदलण्याची खरोखर आवड आहे, त्याने गणित व पदार्थविज्ञान मन लावून शिकावे, अभियंता व्हावे आणि आमच्या पाणंदींस मानवेल अशी गाडी निर्माण करावी. तो ती घेऊन फाटकाशी आला, तर आम्ही पुन्हा एकदा ‘छान दिसते हो!’ असे म्हणू. मात्र त्या वेळी आधी वाकून तळ पाहू.