चाळिशी आणि 'ते'

वय चाळीसच्या पुढे गेलं की जवळचं दिसेनासं होतं. ही गोष्ट आपण इतकी सहज स्वीकारली आहे की मराठीत चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. 'चाळिशी लागली बरं का!' हे हसत हसत सांगतात, सासऱ्यासमोर सांगतात, शेजाऱ्याला सांगतात.

त्याच दहा वर्षांत घरातल्या बाईच्या शरीरात याहून कितीतरी मोठी उलथापालथ होते. तिला आपल्याकडे बोलायचा शब्दच नाही. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण 'रजोनिवृत्ती' हा शब्द गप्पांत कुणा बाईच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. तो पुस्तकातला शब्द. बायका म्हणतात, "माझं गेलं", "सुटले बाई एकदाची". काय गेलं, कशातून सुटली, ते ऐकणारीनं ओळखायचं. ऐकणाऱ्यानं तर नाहीच.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "पूर्वीच्या बायका कुठे बोलत होत्या? निभावलंच ना त्यांनी?"

निभावलं म्हणजे काय झालं, ते जरा बघा. भारतात बायकांची पाळी जायचं वय सरासरी ४६-४७ आहे. बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, पण त्याआधीची काही वर्षं शरीर हेलकावे खात असतं. पाळी कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. मध्यरात्री घामानं अंथरूण भिजतं, छातीत धडधडतं, झोप उडते, सांधे धरतात, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं. आता हिशेब करा. विसाव्या वर्षाच्या आत लग्न झालेल्या बाईच्या घरात सून यायची ती नेमकी याच वयात. खाष्ट सासूचे किस्से आपण पिढ्यानपिढ्या चवीनं सांगतो. सगळ्या खाष्टपणाचं खापर मी पाळीवर फोडत नाही. पण त्यातल्या कितीजणी चार-चार रात्री झोपलेल्या नव्हत्या, हे कुणी कधी विचारलं? शिक्षकांच्या खोलीत डिसेंबरात पंखा लावणाऱ्या बाईंना मी हसलेलं पाहिलंय. "बाई हल्ली फार चिडतात" एवढंच निदान व्हायचं.

या घटनेची दखल समाजानं एका ठिकाणी मात्र घेतली आहे. ऋषिपंचमीला! पाळी गेली की हे व्रत करायचं, अशी अनेक घरांत रीत आहे. कशासाठी? पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचं पाप फिटावं म्हणून. ऋषीची भाजी मलाही आवडते, खुशाल करा. पण तीस-पस्तीस वर्षं शरीरानं आपलं काम चोख केलं, त्याबद्दल बाईनं शेवटी माफी मागायची, हे मला पटलेलं नाही.

आणि न बोलण्याची किंमत नुसती मनस्तापाची नाही. गर्भाशयाला आपण 'पिशवी' म्हणतो. पिशवी म्हटलं की काम झाल्यावर टाकून द्यायला हरकत कसली? चाळिशीच्या आसपास जास्त अंगावर जायला लागलं की सल्ला तयार असतो: "मुलं झालीत ना, मग काढून टाका." त्यातून "नाहीतर कॅन्सर होईल" असं कुणी सांगितलं की संपलंच. कारण दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नसते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली. नीलम गोऱ्हे त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायकाही होत्या. तिथे उचल घेतलेली असते, खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडात संडास नाही. गरिबी आणि दवाखान्यांचा धंदा ही कारणं आहेतच. पण 'पाळीचं दुखणं' हा बोलायचा विषय नाही, या समजुतीनं दोघांचंही काम सोपं केलं. बीजकोशही काढले तर बाईला एका दिवसात म्हातारपण येतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, हे ऑपरेशनच्या आधी तिला कोण सांगतं? अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घाला, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं.

म्हणून काही गोष्टी स्पष्टच लिहिते. पाळी जाणं हा आजार नाही. पण फार रक्तस्राव झाला तर तपासणी हवी, आणि त्यावर बहुतेक वेळा औषधं व इतर उपाय असतात. ऑपरेशन ही पहिली पायरी नव्हे. ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर "पुन्हा आली वाटतं" म्हणून बसू नका, लगेच दाखवा. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं. रात्रीच्या घामावर, झोपेवर, लघवीच्या तक्रारींवरही इलाज आहेत. संप्रेरकांच्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी आधी तोंड उघडायला हवं.

आणि हे नवऱ्यांनी, मुलांनीही वाचावं. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं १९२७ साली. शंभर वर्षं होत आली, तरी अजून प्रजननसंस्थेचा धडा "घरी वाचा" म्हणून उरकणाऱ्या शाळा आहेत. मग घरी तरी वाचा!

"असले विषय चारचौघांत कशाला?" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते. तुमच्या आईची पाळी कितव्या वर्षी गेली, तेव्हा तिला काय त्रास झाला, तुम्हाला माहीत आहे का? नसेल, आणि आई असेल, तर आज संध्याकाळी विचारा.