मिलिटरी कॉलेजची स्पर्धा : मुलांना खरं काय सांगायचं?



सहावी-सातवीच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजला पाठवायचंय. जमेल ना?" आपण "कष्ट केले की सगळं जमतं" म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हे उत्तर अर्धवट आहे, आणि त्याची किंमत बारा वर्षांचं मूल मोजतं.

आधी आकडे बघू. राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज 1922 साली सुरू झालं. इथे प्रवेश फक्त आठवीत, वर्षातून दोनदा. एका वेळी मुलांच्या जागा साधारण 25. मुलींना 2022 पासून प्रवेश मिळतो, पण त्यांच्या जागा आणखी कमी. शिवाय जागा राज्यांना वाटून दिलेल्या असतात. म्हणजे आपल्या वाट्याला एका वेळी एखाद-दुसरीच जागा! वयाची अट साडेअकरा ते तेरा, त्यामुळे संधीही फार तर दोन-तीन.

आता परीक्षेचं. महाराष्ट्रात ती राज्य परीक्षा परिषद घेते. गणित 200 गुण, इंग्रजी 125, सामान्य ज्ञान 75. लेखी पास झालात तर 50 गुणांची मुलाखत, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. प्रत्येक विषयात निदान 50 टक्के हवेतच. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तरी इंग्रजीची कसर त्यातून भरून निघत नाही. त्यात पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, मराठीत नाही. खेड्यातल्या हुशार पोराला 'लसावि' येतो, पण तेच इंग्रजीत विचारलं की ते गडबडतं. ही अडचण बुद्धीची नाही, सरावाची आहे. इथे शिक्षक म्हणून आपण नक्की काहीतरी करू शकतो.

म्हणून मला वाटतं, 'जमेल का?' या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करावेत. मूल पात्र ठरेल का? हो, वर्ष-दीड वर्ष नियमित अभ्यास केला तर बरीच मुलं ठरू शकतात. निवड होईल का? ते कुणीच सांगू शकत नाही, कारण राज्यात त्या वेळी कोण पहिलं येतं ते आपल्या हातात नसतं. "शंभर टक्के निवड" अशी जाहिरात करणाऱ्या क्लासवाल्यांना एवढंच विचारा, जागा एक आणि तुमच्याकडे मुलं किती?

मुलाला हा फरक पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर एका जागेसाठी बसलेली बाकीची सगळी मुलं स्वतःला 'नापास' समजून घरी येतात. सातवीतच!

आणि सैन्याचं दार इथे बंद होत नाही. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, बारावीला एनडीएची परीक्षा आहे. तिथे दर सहा महिन्यांनी साधारण 400 जागा असतात. तयारीत पक्कं झालेलं गणित, सुधारलेलं इंग्रजी आणि रोज पेपर वाचायची सवय तेव्हाही कामाला येते.

तेव्हा फॉर्म जरूर भरा. फक्त भरण्याआधी मुलाशेजारी बसा आणि हे आकडे त्यालाही दाखवा. त्याला झेपतात ते. बऱ्याचदा आपल्यालाच झेपत नाहीत.