शिक्षेपूर्वी श्रवण

एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि ऐकणाऱ्यांपैकी ज्याला बोलावयाचे असेल त्याने हात वर करून आधी परवानगी घ्यावी, हा आपल्या शाळांचा पहिला कायदा आहे; पाढे, व्याकरण, इतिहास हे सारे त्याच्या मागून येते. अशा वर्गात एखादे स्वमग्न मूल येऊन बसते. गणिताचा तास चालू असता ते रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा जशीच्या तशी म्हणू लागते, मधली सुट्टी केव्हा होणार हा एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारते, किंवा फळ्यावरील उत्तर चुकले आहे हे बाईंना भर वर्गात, काडीचाही आडपडदा न ठेवता सांगून टाकते. मग शाळा त्याला उद्धट ठरविते, पालकांना बोलावणे धाडते, आणि अखेर ‘तुमच्या मुलाला ही शाळा झेपणार नाही’ असा निकाल, बहुधा कागदावर न आणता, तोंडीच ऐकविते.

असे बोलणे निरर्थक असते, या समजुतीला शास्त्राचा आधार केव्हाच उरलेला नाही. बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९४६ साली अशा मुलांच्या वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातील एक पाच वर्षांचा मुलगा, जवळपास कुत्राही नसता व सज्जाही नसता, कुत्र्याला सज्ज्यावरून टाकू नये अशा अर्थाचे वाक्य मध्येच उच्चारीत असे. शोध घेता असे आढळले की, तीन वर्षांपूर्वी लंडनमधील एका हॉटेलात त्याने खेळण्यातला कुत्रा खाली टाकण्याचा सपाटा लावला असता, तो आणून आणून त्रासलेल्या आईने त्याला त्या शब्दांत दटावले होते. तेव्हापासून कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की, तो त्याच शब्दांनी स्वत:ला आवरीत असे. म्हणजे जे वाक्य ऐकून एखाद्या गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते, ते वाक्य ही त्या बालकाने स्वत:ला लावून घेतलेली शिस्तच होती!

पुढे १९८१ साली बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डकन या अभ्यासकांनी, ऐकलेले शब्द तत्काळ परत उच्चारण्याच्या सवयीमागे किमान सात निरनिराळे हेतू असू शकतात, असे दाखवून दिले: कधी ते संभाषणातील आपली पाळी सांभाळणे असते, कधी होकार, कधी मागणी, तर कधी स्वत:च्या मनाला सावरणे. तेव्हा मधल्या सुट्टीविषयीच्या त्या अविरत प्रश्नाचा उगम अवज्ञेत नसून, पुढे काय घडणार याच्या धास्तीत असू शकतो. आणि तसे असेल तर बाकावर चिकटविलेले एक चित्रमय वेळापत्रक जे काम करील, ते दहा छड्यांनी होणार नाही.

याचा अर्थ वर्गातील इतर मुलांना निवांतपणे शिकण्याचा हक्क नाही, असा कोणी काढू नये. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले असले तरी अनेक वर्गांत त्याहून अधिक मुले बसतात, आणि विशेष शिक्षणाचे कोणतेही प्रशिक्षण न मिळालेल्या शिक्षकाने हे सारे एकट्याने पेलावे, अशी अपेक्षा धरणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. शिवाय चित्रपटातील खलनायकाची धमकी एखादे मूल वर्गसोबत्याच्या तोंडावर फेकते, तेव्हा त्या सोबत्याला वाटणारे भय खरे असते, आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. प्रश्न आहे तो दखल कोणत्या क्रमाने घ्यावयाची, हा. अमेरिकेत अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कायद्यात १९९७ साली झालेल्या दुरुस्तीपासून, अशा विद्यार्थ्याला शिस्तभंगाखातर दहा शालेय दिवसांहून अधिक काळ वर्गाबाहेर ठेवावयाचे असल्यास, त्याचे वर्तन त्याच्या अपंगत्वातून उद्भवले किंवा कसे, याची चौकशी पालकांना सोबत घेऊन करावी लागते. चौकशी आधी आणि निकाल नंतर, हा न्यायाचा साधा संकेत तेथे शाळेच्या उंबरठ्याआत आला आहे.

आपल्याकडे कायद्याची वाण आहे असे मुळीच नव्हे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र तिला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले, आणि अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश, गरजेनुरूप सोयी व वैयक्तिक साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी शासनमान्य शाळांकडून पार पाडून घेण्यास सरकारांना फर्माविले. शिक्षणहक्क कायद्याचे १६ वे कलम प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते, आणि १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीशकुमार पांडे खटल्यात, प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे व त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाणही सांगितले. इतके असूनही मुले शाळेबाहेर पडतात, कारण त्यांना कोणी काढून टाकीत नाही. पालकांनीच ‘स्वखुशीने’ दाखल्यासाठी अर्ज केल्याची नोंद दफ्तरी होते, आणि रोजच्या तक्रारींनी जेरीस आलेल्या आईबापांची ही खुशी कशी मिळविली गेली, याचा जाब कोणीही विचारीत नाही.

म्हणून शिक्षण खात्याने तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. दिव्यांग विद्यार्थ्याचा दाखला पालकांच्या अर्जावरून दिला जात असला तरीही, शाळेने त्याच्यासाठी कोणत्या सोयी केल्या व त्यांचा परिणाम काय झाला, याची लेखी कैफियत गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे आल्यावाचून तो देऊ नये. वर्गातील बोलण्यावरून तक्रार उद्भवल्यास, ते बोलणे केव्हा, कशानंतर व कोणत्या गरजेपोटी आले, याचे टिपण शिक्षक व पालक यांनी मिळून आधी करावे, आणि शिक्षेचा विचार त्यानंतर व्हावा. तिसरी व सर्वांत खर्चाची गोष्ट, न्यायालयाने सांगितलेल्या प्रमाणात विशेष शिक्षकांच्या कायम जागा मंजूर करून त्या भराव्यात. कारण साहाय्यकावाचून एकट्या पडलेल्या शिक्षकाला समजूतदारपणाचे उपदेश करणे हा निव्वळ दंभ होय. ज्या मुलाचे बोलणे समजून घेण्याचा यत्नच झालेला नाही, त्याला त्या बोलण्याबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही.