वायफायची किल्ली कुणाच्या कमरेला?

गॅसचा नंबर कधी लावला, दूधवाल्याचे या महिन्यात किती खाडे झाले, पाण्याच्या टाकीचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा, वायरमनचा फोन कुठल्या वहीत लिहिलाय... घरातल्या बाईला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक उत्तर मिळेल. पण भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या वायफायच्या डब्याबद्दल विचारून बघा. "ते आमच्या ह्यांना माहीत." नाहीतर, "मुलगा दिवाळीला पुण्याहून येईल ना, तो बघेल." झालं, विषय संपला!

मैत्रिणींनो, हे उत्तर मला अलीकडे फार खटकतं. दुरुस्तीला येणाऱ्या मुलासाठी दुपारभर घरात कोण थांबतं? आपणच. ब्लाउजच्या, फराळाच्या ऑर्डरी फोनवर घेणारी, बचत गटाचे हिशेब पाठवणारी, लेकराला अभ्यासाचा व्हिडिओ लावून देणारीही आपणच. डबा बंद पडला की काम अडतं ते आपलं आणि त्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या डोक्यात. भांडण झालं की रागाच्या भरात पासवर्ड बदलणारी घरंही मी पाहिली आहेत. पूर्वी कोठीच्या किल्ल्या सुनेच्या हाती द्यायच्या की नाही यावरून रुसवेफुगवे व्हायचे. कोठी गेली, किल्लीचं राजकारण राहिलं.

बरं, हे काम अवघड आहे म्हणावं, तर तसंही नाही. गॅसचा रेग्युलेटर बदलणाऱ्या बाईला हे सहज जमेल.

आधी नेट बंद पडतं तेव्हाचं बघू. सगळ्यात पहिली गोष्ट, फोनमधला मोबाईल डेटा बंद करा. तो चालू असला की वायफाय चालतंय की डेटा, हेच कळत नाही. मग घरातला दुसरा फोन बघा. एकाच फोनवर अडत असेल तर दोष फोनचा. त्यातलं वायफायचं नाव काढून टाका आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. सगळ्यांचंच बंद असेल तर डब्याकडे चला.

डब्यावरचे दिवे शोभेचे नाहीत, ते बोलतात. एकही दिवा नसेल तर प्लग, अॅडॉप्टर, बटण बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा शोधा. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. हो, प्रकाशच! त्या बारीक वायरीत वीज नसते, केसासारखा काचेचा तंतू असतो. झाडताना ती ओढली गेली, कपाटामागे दुमडली, उंदरानं कुरतडली, की खेळ खलास. वायर डब्यात नीट बसली आहे ना, कुठे करकचून दुमडली नाही ना, एवढं बघा. तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरून मात्र बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा नसेल, तर डबा बंद करून अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीन-चार मिनिटं धीर धरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, टाचणीनं दाबायचं. त्याच्या वाटेला जाऊ नका. ते सात-आठ सेकंद दाबून धरलं की डब्यातली सगळी मांडणी पुसली जाते, कधी कधी कंपनीनं भरलेली माहितीसुद्धा. मग तो मुलगा येईपर्यंत उपास!

नेट आहे, पण आतल्या खोलीत रडतखडत चालतं, ही दुसरी तक्रार. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांतून वायफायच्या लहरी नीट जात नाहीत. डबा शोकेसमध्ये कोंबू नका, घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवा. पुष्कळ डब्यांवरून दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकापुढे '५जी' लिहिलेलं. मोबाईलच्या ५जीशी याचा संबंध नाही. ते वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर हार मानतं. लांबच्या खोलीत साध्या नावाला जोडा. आणि वीज सारखी जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. फक्त अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्या.

एवढं करूनही चाललं नाही तर तक्रार नोंदवा. "मॅडम, घरात कुणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या," हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. त्यावर चिडण्यापेक्षा सांगा, "एलओएसचा लाल दिवा लागलाय, वायर दुमडलेली नाही, डबा बंद-चालू करून झालाय, तक्रार क्रमांक द्या." समोरचा आवाज लगेच बदलतो. अनुभव घेऊन बघा.

आता कुलपाचं. "आमच्या वायफायमध्ये चोरायला काय आहे?" असं पुष्कळ जणी म्हणतात. तर ऐका. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्यांचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पण चौकशीचा ससेमिरा लागला तो त्यांच्या मागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. आपल्या ओट्यावर बसून कुणी काय उद्योग केले, याचा पहिला जाब घरमालकालाच विचारला जातो, तसंच हे. आणि कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर दार तुमचंच वाजणार.

कनेक्शन बसवणारा मुलगा घाईत असतो. पासवर्ड म्हणून तो तुमचा मोबाईल नंबर टाकतो, नाहीतर आडनावापुढे १२३. लहान गावात ही दोन्ही गुपितं कुणाला माहीत नसतात, सांगा बरं! त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घ्या, चुलीपासून चांदण्यापर्यंत कुठलेही. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मध्ये एखादा आकडा घाला. बारा-पंधरा अक्षरं सहज होतात आणि लक्षातही राहतात.

आणखी एक पासवर्ड असतो, तो बहुतेकींना माहीतच नसतो. वायफायचा पासवर्ड ही अंगणाच्या फाटकाची कडी, तर डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड ही कपाटाची किल्ली. डब्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तो छापलेला असतो आणि कितीतरी डब्यांना 'अॅडमिन' हा एकच शब्द असतो. बँकेचं अॅप स्वतःचं कुलूप लावूनच बोलतं, त्यामुळे वायफायवर घुसलेल्याला तुमचे व्यवहार सहजासहजी वाचता येत नाहीत. पण तो सेटिंगमध्ये शिरला तर तुम्हाला भलत्याच, खोट्या पानावर नेऊन सोडू शकतो. म्हणून हाही पासवर्ड बदलायचा. आपल्याला जमत नसेल तर त्या मुलाकडून, आपल्या डोळ्यांदेखत, पण नवा शब्द आपण टाइप करायचा. तेव्हाच त्याला सांगायचं, सुरक्षा 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेव आणि 'डब्ल्यूपीएस' बंद कर. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून फोन जोडायची ही सोय आहे. तिच्या पिनमधली फट २०११मध्येच उघड झाली आहे.

राहता राहिले पाहुणे. पासवर्ड मागितला तर नाही कसं म्हणायचं? त्यासाठी बऱ्याच डब्यांत 'गेस्ट नेटवर्क' असतं. बैठकीतल्या पाहुण्याला माजघर दाखवायची गरज नाही, तसंच. पाहुणे, शेजारची मुलं, दारावरचा कॅमेरा, सगळे त्यावर. महिन्यातून एकदा सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या अॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की पासवर्ड बदला.

पासवर्ड कागदावर लिहावा का? जरूर लिहावा, पण हॉलच्या भिंतीवर नव्हे, रेशनकार्ड असतं त्या फाईलमध्ये. पासवर्ड गुप्त ठेवायचा तो गावापासून, घरच्या बाईपासून नाही. ज्या घरात तो तिला विचारूनही मिळत नाही, तिथे बिघाड डब्यात नाही, दुसरीकडेच आहे.

तेव्हा या रविवारी जेवणं उरकली की मुलाला किंवा ह्यांना शेजारी बसवा आणि दोन्ही पासवर्ड स्वतःच्या हातानं बदला. त्यांनी शेजारी बसून फक्त सांगायचं, मोबाईल आपल्या हातात ठेवायचा.