शूट करायचंय? आधी कपाट उघडा!

'शूट' म्हणजे कॅमेऱ्यानंच हं! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे डोक्यावर. तर, गेल्या हिवाळ्यात फ्लेमिंगो टिपायला भिगवणला गेले, ती नखशिखान्त हिरव्या पानापानांच्या कॅमोफ्लाजमध्ये. एकदम जंगल लूक! पण उजनीच्या बॅकवॉटरवर झाडी कुठाय? नुसतं पाणी नि चिखल. त्यात उत्साहाच्या भरात मी होडीत उभी राहिले आणि अख्खा थवा भुर्रर्र! नावाडीदादा शांतपणे म्हणाले, "ताई, कापडाचं जाऊ द्या, तुमी हलताय लई." जाम ओशाळले. एका फोटोपायी मी निवांत चरणारी पाखरं उठवली होती.

तेव्हापासून आपला फंडा सिंपल : जागेचा रंग तोच कपड्यांचा. पाणथळीवर खाकी, राखाडी, मातकट. झाडीत मळकट हिरवा. पांढरं, भडक, चमकणारं बाद. पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो, म्हणून चकाकी आणणारी पावडर टाळा. टोपी नि ग्लोव्ह्ज मस्ट. लष्करी पॅटर्न मात्र जवानांसाठीच सोडा. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गणवेशाचं डिझाइन लष्करानं रजिस्टरही केलंय.

आणि सगळ्यात भारी कॅमोफ्लाज? एकदम फुकट. गप्प बसून राहणं!