टेकू म्हणजे लबाडी?

"टेकू लावून काय, कोणीही नेम मारेल!" रायफल शूटिंगच्या रेंजवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. १२-१३ वर्षांची पोरं, हातात चार-साडेचार किलोची एअर रायफल, दंड थरथरतायत, छर्रे कागदभर विखुरलेत... आणि मागून हा शेरा. काही पोरं मग यायचीच बंद होतात.

मंडळी, ऑलिंपिकच्या १० मीटर प्रकारात बायपॉड चालत नाही, मान्य. पण स्पर्धेचा नियम हा शिकवण्याचा नियम कधीपासून झाला? दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो हुकला तर दोष कोणाचा? हाताचा, ट्रिगर ओढण्याचा, साइटचा की छर्‍यांचा? रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, हाताची थरथर बरीचशी हिशेबातून जाते. छर्रे एकाच जागी पण बाजूला पडतायत? साइट फिरवा. तुमच्या हातूनही पिशवीवर विखुरतायत? मग पोराला कशाला बोलता, रायफल आणि छर्रे तपासा. पिशवीवर छान आणि उभ्याने वाईट? आता कळलं, मेहनत उभं राहण्यावर घ्यायची.

बरं, टेकू लावला की नेम आपोआप लागतो हाही भ्रमच. नळी टेकवली तर नेम भलतीकडेच जातो; टेकवायचा तो स्टॉकचा पुढचा भाग. बायपॉड कडक फरशीवर उसळतो, मातीवर वेगळा वागतो. आणि ट्रिगरला हिसका दिलात तर पिशवीही वाचवत नाही.

लबाडीच म्हणायची तर कुठवर म्हणणार? आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर बसताना घोट्याखाली गोल उशी आणि दंडाला पट्टा नियमानेच चालतो. पॅरालिंपिकच्या एसएच२ गटात रायफलचं वजन पेलायला चक्क स्टँड असतो. जर्मनीत ज्येष्ठांसाठी टेकूवरच्या रीतसर स्पर्धा होतात. ते सगळे लबाड?

तेव्हा शिक्षक मंडळींनो, सुरुवातीला पोरांना पिशवीवर नेम धरू द्या, मग हळूहळू पिशवी काढा. सायकल शिकवताना मागून सीट धरणार्‍या बापाला आपण लबाड म्हणत नाही. पटत नसेल तर खुशाल भांडायला या, चहा पाजतो :)